टॅब की स्पेस? आधी डोळ्यांना दिसू दे, मग ठरवू

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, नवीन टीममध्ये येऊन तीन महिने झालेत. मागच्या आठवड्यात एका पायथन फाइलीत मी फक्त दोन ओळी बदलल्या, सेव्ह केलं, पुल रिक्वेस्ट (बदल टीमने तपासून घ्यावेत म्हणून पाठवायची विनंती) टाकली आणि बघते तर ४१२ ओळी बदललेल्या. सिनियर (ते विम वापरतात, मी व्हीएस कोड) म्हणाले, आधी एडिटर नीट कर मग कोड बघू. मी सेटिंगमध्ये जाऊन टॅब साइझ ४ केलं, इन्सर्ट स्पेसेस चालू केलं, तरी काही फाइलींमध्ये टॅबच पडतोय. मग वैतागून सगळ्या प्रोजेक्टमध्ये टॅबच्या जागी स्पेस करून टाकले तर मेकफाइल (प्रोग्राम तयार करायच्या कमांड ज्यात असतात ती फाइल) बंद पडली, मिसिंग सेपरेटर म्हणते. शेवटी टॅब चांगला की स्पेस हे एकदाचं सांगा. आणि इतकी साधी गोष्ट मला का जमत नाहीये?
– गोंधळलेली"

अगं, आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर देते कारण ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. ही गोष्ट साधी दिसते पण साधी नाहीये. तू अशा गोष्टीशी झगडतेयस जी स्क्रीनवर दिसतच नाही. टॅब हे एक वेगळं अक्षर आहे, आस्की नावाच्या अक्षरांच्या यादीत त्याचा नंबर ९, आणि स्पेस हे वेगळं अक्षर, नंबर ३२. कॉम्प्युटरला ही दोन्ही 'क' आणि 'ख' इतकी वेगळी आणि आपल्या डोळ्यांना दोन्ही म्हणजे कोरी जागा. यात चुकणं म्हणजे बुद्धी कमी असणं, हे आधी मनातून काढून टाक.

आणि आणखी एक घोळ आहे जो सुरुवातीला कोणी नीट सांगत नाही, मलाही कोणी सांगितला नव्हता. कीबोर्डवरचं टॅब नावाचं बटण आणि फाइलीत पडणारं टॅब नावाचं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पेसवाले लोक काय चार वेळा स्पेसबार दाबत बसत नाहीत, तेही टॅबचंच बटण दाबतात, फक्त त्यांचा एडिटर त्या जागी चार स्पेस टाकतो. म्हणजे "मी आधीपासून टॅब दाबते" यावरून तुझ्या फाइलीत टॅब आहे की स्पेस हे कळतच नाही. ते एडिटरने ठरवलेलं असतं, तुला न विचारता.

आता टॅब म्हणजे चार स्पेस असंही नाही हां. हे बटण टाइपरायटरवरून आलंय, तक्ते टाइप करताना गाडी थेट पुढच्या खुणेवर न्यायला टॅब्युलेटर असायचा, त्याचंच हे छोटं नाव. टॅबचा अर्थ आजही तोच, "पुढच्या खुणेपर्यंत सरक". खुणा किती अंतरावर हे ज्याचं त्याचं यंत्र ठरवतं. टर्मिनलमध्ये सहसा दर ८ रकान्यांवर, विमलाही काही सांगितलं नाही तर ८, व्हीएस कोडमध्ये ४. म्हणून ओळीच्या सुरुवातीला तीन स्पेस आणि मग एक टॅब असेल तर टर्मिनलवर ती जागा ११ रकान्यांची होत नाही, ८ चीच दिसते, कारण टॅबने फक्त उरलेलं अंतर भरलं. आणि तीच ओळ तुझ्या एडिटरमध्ये ४ रकान्यांवर. तुला आणि तुझ्या सिनियरना एकच फाइल दोन वेगळ्या आकारांत दिसत असणार, आणि दोघांनाही वाटत असणार की समोरच्याने वाट लावलीय.

तर आता पहिलं काम. टॅब की स्पेस हा वाद पाच मिनिटं बाजूला ठेव आणि ती कोरी जागा दिसायला लाव. व्हीएस कोडच्या सेटिंगमध्ये 'रेंडर व्हाइटस्पेस' शोध, तिथे मुळात 'सिलेक्शन' असतं म्हणजे सिलेक्ट केलेल्या भागातच खुणा दिसतात, ते 'ऑल' कर. स्पेसच्या जागी बारीक ठिपके येतील, टॅबच्या जागी बाण. सुरुवातीला डोळ्यांना त्रास होतो, वाटतं स्क्रीनवर धूळ बसलीय, पण दोन दिवस सहन कर, नंतर हवं तर 'बाउंडरी' कर म्हणजे शब्दांमधले एकेरी ठिपके जातात. सिनियरच्या विममध्ये 'सेट लिस्ट' दिलं की टॅब वेगळे ओळखू येतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यू मेनूत शो सिम्बॉलखाली आहे. एडिटरवर विश्वासच नसेल तर टर्मिनलमध्ये लिनक्सवर 'कॅट'ला 'डॅश कॅपिटल ए' देऊन फाइल छाप, प्रत्येक टॅबच्या जागी टोपी आणि आय असं चिन्ह येतं.

हे करून ती ४१२ ओळींची पायथन फाइल तुझ्या बदलाच्या आधीच्या रूपात उघड. माझा अंदाज आहे की तुला वरची काही फंक्शन्स ठिपक्यांची दिसतील, मग मधेच कुठेतरी बाणांचा पट्टा सुरू होईल, मग पुन्हा ठिपके. म्हणजे फाइल तुझ्या येण्याच्या आधीपासूनच मिश्र होती, तुझ्यामुळे ती फक्त उघडी पडली. तुला वाटेल मग ती इतके दिवस चालत कशी होती? पायथन ३ टॅब आणि स्पेस मिसळण्याला विरोध करतं खरं, पण कधी, तर एकाच ब्लॉकमधल्या ओळींची तुलना करताना टॅब किती रुंद मानायचा यावर उत्तर बदलत असेल तेव्हा. एक फंक्शन पूर्ण टॅबचं आणि पुढचं पूर्ण स्पेसचं असेल तर ते निमूटपणे चालवतं. ज्या दिवशी कोणी स्पेसच्या ब्लॉकमध्ये टॅबची एक ओळ घुसवतं त्या दिवशी टॅबएरर.

आणि हा एरर आला की वैतागू नकोस, तो आपल्या भल्यासाठी आहे. पायथन २ मध्ये टॅब म्हणजे ८ च्या पुढच्या पटीपर्यंत असं धरलेलं होतं. आता असं समज की लूपच्या आत एक इफ आहे, इफच्या आतली ओळ ८ स्पेसवर आहे, आणि तिच्या खालच्या ओळीला फक्त एक टॅब आहे. तुझ्या एडिटरमध्ये टॅब ४ चा, म्हणून ती खालची ओळ इफच्या बाहेर आलेली दिसते, वाचणाऱ्याला वाटतं ही दरवेळी चालणार. पायथन २ च्या हिशोबाने ती ८ वर, म्हणजे इफच्या आत. एररही नाही काही नाही, प्रोग्राम वेगळंच काहीतरी करतोय आणि तू कोडकडे बघून शपथेवर सांगशील की कोड बरोबर आहे. २००८ साली पायथन ३ आलं तेव्हा हे बंद केलं ते फार चांगलं झालं असं मला मनापासून वाटतं.

आता तुझं सेटिंग लागत का नाही. व्हीएस कोडमध्ये 'डिटेक्ट इंडेंटेशन' (इंडेंट म्हणजे ओळीच्या सुरुवातीची कोरी जागा) नावाचं एक सेटिंग आहे आणि ते मुळातच चालू असतं. फाइल उघडली की एडिटर आतल्या ओळी बघतो, इथे टॅब जास्त की स्पेस असा अंदाज बांधतो आणि त्या फाइलीपुरतं तुझं टॅब साइझ आणि इन्सर्ट स्पेसेस दोन्ही बाजूला सारतो. म्हणून काही फाइलींत टॅब पडतोय. तू सेटिंग चुकीचं केलेलं नाहीस, तुझ्या सेटिंगच्या वर दुसरं सेटिंग बसलंय. आणि ते बंद करायची घाई करू नकोस, कारण जुन्या फाइलीत जे आहे तेच पुढे चालवणं हे शहाणपणाचंच आहे, फक्त मिश्र फाइलीत त्याचा अंदाज चुकतो.

खाली उजव्या कोपऱ्यात 'स्पेसेस: ४' किंवा 'टॅब साइझ: ४' असं लिहिलेलं असतं, तिकडे बघायची सवय लाव, ते त्या फाइलीचं खरं उत्तर आहे. त्यावर क्लिक केलं की मेनू येतो आणि त्यात दोन पर्याय वाचायला जवळजवळ सारखे आहेत. 'इंडेंट युजिंग स्पेसेस' म्हणजे यापुढे मी टॅब दाबला की स्पेस टाक, आधीच्या ओळींना हात लावू नकोस. 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' म्हणजे अख्खी फाइल आत्ता बदल. पहिलं हवं असताना दुसरं दाबलं गेलं की झाली ४१२ ओळींची पुल रिक्वेस्ट. पण तू म्हणतेस फक्त सेव्ह केलं, तेव्हा मला जास्त शंका 'फॉरमॅट ऑन सेव्ह'ची आहे, सेव्ह करताच फॉरमॅटर अख्ख्या फाइलीवरून फिरतो आणि त्याच्या नियमात सगळं बसवतो.

एक तिसरा संशयितही आहे, तो वगळायला दहा सेकंद लागतात. डिफमध्ये, म्हणजे काय बदललं ते दाखवणाऱ्या तुलनेत, बघ की ज्या ओळींना इंडेंट नाहीच, म्हणजे अगदी डाव्या कडेला असलेल्या इम्पोर्टच्या ओळी, त्याही बदललेल्या दिसतायत का? त्या बदलल्या असतील तर भानगड टॅबची नाही, ओळीच्या शेवटाची आहे. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अक्षरं टाकतं, लिनक्स एक, आणि कोणीतरी मधे ते बदललंय. तेही त्याच खालच्या पट्टीत 'एलएफ' किंवा 'सीआरएलएफ' म्हणून दिसतं. डाव्या कडेच्या ओळी जशाच्या तशा असतील तर मग आपला आरोपी इंडेंटच.

सिनियर विमवाले आहेत म्हणून विमचंही दोन शब्दांत सांगते, कारण त्यांच्याकडून मिश्रण होत नसेलच असं नाही. विममध्ये 'टॅबस्टॉप' ४ केलं की बऱ्याच जणांना वाटतं झालं काम, पण त्याने फक्त टॅब किती रुंद दिसणार ते ठरतं, फाइलीत टॅबच पडत राहतो. स्पेस पडायला 'एक्सपांडटॅब' लागतं, आपोआप होणारं इंडेंट किती ते 'शिफ्टविड्थ' ठरवतं, आणि बॅकस्पेसने एकदम चार स्पेस जावेत म्हणून 'सॉफ्टटॅबस्टॉप'. 'टॅबस्टॉप' ८ वरच राहू द्यावं आणि बाकीचे ४ करावेत असं माझं मत, म्हणजे चुकून राहिलेला खरा टॅब लगेच डोळ्यात खुपतो.

मेकफाइलकडे येते. ती तुझ्या हातून मोडली पण त्यात दोष तुझा कमी आणि त्या फाइलीच्या जन्मकथेचा जास्त. मेक हे १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं, आणि नियमाखालच्या कमांडची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे असं ठेवलं. हे बरोबर झालं नाही हे लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून तसंच राहू दिलं. आज इतक्या वर्षांनी तो टॅब तुझ्यापर्यंत पोचलाय. तिथे स्पेस टाकले की 'मिसिंग सेपरेटर'. तर त्या कमांडच्या ओळी उघड, सुरुवातीचे स्पेस पुसून खरा टॅब टाक, आणि बाण दिसतोय ना ते बघ. एडिटर ऐकत नसेल तर खालच्या पट्टीतून त्या फाइलीला 'इंडेंट युजिंग टॅब्ज' कर.

सगळ्या प्रोजेक्टमध्ये एकदम शोधा-आणि-बदला करणं मात्र पुन्हा कधीच करू नकोस, हे मी हात जोडून सांगते. यामल फाइलीत इंडेंटला टॅब चालतच नाही, मेकफाइलीत टॅबच लागतो, गो भाषेचा फॉरमॅटर टॅबच टाकतो, टॅबने रकाने पाडलेल्या डेटा फाइलीत तर टॅब हाच डेटा आहे, आणि स्ट्रिंगच्या आत कोणी खरा टॅब टाकला असेल तर तो बदलला की प्रोग्रामचं आउटपुट बदलतं. विममधला 'रीटॅब'सुद्धा स्ट्रिंगच्या आतलं बघत नाही बरं का, सरसकट फिरतो.

माझ्यावर एकदा हे असं आलं होतं. एक बॅशची स्क्रिप्ट होती, तिच्यात एका फंक्शनच्या आत दहाबारा ओळींचा मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या फाइलीत लिहायचा होता, त्यासाठी बॅशमध्ये 'हिअरडॉक' असतं, 'पेक्षा लहान'ची दोन चिन्हं आणि पुढे एक डॅश. त्या डॅशचा अर्थ असा की मजकुराच्या आणि शेवटच्या खुणेच्या आधीचे टॅब काढून टाक. फक्त टॅब, स्पेस नाही. मला ते माहीत नव्हतं आणि मी स्क्रिप्ट नीटनेटकी करायची म्हणून सगळ्या टॅबचे स्पेस करून टाकले. झालं काय, शेवटच्या खुणेच्या आधी चार स्पेस आल्यामुळे बॅशला ती खूण ओळखूच आली नाही आणि खालची उरलेली सगळी स्क्रिप्ट त्याने मजकूर म्हणून गिळली. मी रात्री दोनपर्यंत त्या स्क्रिप्टचं लॉजिक तपासत बसले होते. लॉजिक शंभर टक्के बरोबर होतं. त्या रात्रीनंतर मी खुणा दाखवणारं सेटिंग कधी बंद केलेलं नाही.

आता तुझा मूळ प्रश्न, टॅब चांगला की स्पेस. टाळत नाही, सांगते.

पहिलं बघायचं ते भाषेकडे. पायथन असेल तर ४ स्पेस, २००१ च्या पेप ८ या पायथनच्या शैलीच्या नियमावलीत तेच सांगितलंय आणि जवळपास सगळी पायथनची दुनिया तशी चालते, तिथे वेगळी चूल मांडण्यात काही अर्थ नाही. गो असेल तर टॅब, विषय संपला. लिनक्सच्या कर्नलमध्ये टॅब आणि तोही ८ रुंदीचा, तिथे काम करायचं तर तसंच. दुसरं बघायचं ते चालू प्रोजेक्टकडे, जुनी फाइल ज्या पद्धतीची आहे ती पद्धत, तुझी आवड त्यात येत नाही आणि सिनियरचीही येत नाही. या दोन्हींतून सुटलं, म्हणजे कोरं प्रोजेक्ट आणि भाषेची सक्ती नाही, तर मी टॅब निवडते.

का, तर वाचणाऱ्यासाठी. स्पेसची बाजू मला मान्य आहे, कोड कुठेही उघडा, जसा लिहिला तसाच दिसतो, आणि खालीवर ओळी जुळवून लिहिलेल्या असतील तर त्या जुळलेल्याच राहतात. पण टॅबमध्ये रुंदी वाचणाऱ्याच्या हातात राहते. माझ्याबरोबर एक जण काम करायचे ज्यांना कमी दिसायचं, ते अक्षर इतकं मोठं करून ठेवायचे की स्क्रीनवर एका ओळीत जेमतेम चाळीस अक्षरं मावायची. चार-चार स्पेसचा कोड तीन पायऱ्या आत गेला की बारा अक्षरं कोऱ्या जागेतच गेली, आणि ती त्यांना कमी करता येत नव्हती. टॅबचा कोड आला की ते टॅब १ किंवा २ चा करायचे आणि आरामात वाचायचे. बोटांनी वाचायचा ब्रेल डिस्प्ले वापरणाऱ्यांचं तर आणखीच, तिथे एका ओळीत मोजक्या खाचा आणि प्रत्येक स्पेस एक खाच खाते. हे जवळून बघितल्यावर माझं मत ठरलं. मात्र टॅब घ्यायचा तर फक्त ओळीच्या सुरुवातीला, पायऱ्या दाखवायला. मधे कमेंट एकाखाली एक जुळवायला टॅब वापरला की दुसऱ्याच्या स्क्रीनवर ते सगळं वाकडं होणार, तिथे स्पेसच.

बाकी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या साइटच्या २०१७ च्या सर्व्हेवरून "स्पेसवाल्यांना पगार जास्त" असं कोणी ऐकवलं तर मनावर घेऊ नकोस. आकड्यांत तसा फरक दिसला होता, पण स्पेस टाकल्याने पगार वाढतो असं त्यातून निघत नाही.

खरं म्हणजे मला तुला जे सांगायचंय ते हे, की ही निवड कोणाच्याही डोक्यात किंवा कोणाच्याही एडिटरमध्ये राहता कामा नये, ती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये राहिली पाहिजे. तुझ्या लॅपटॉपवरचं सेटिंग दुरुस्त केलंस तर तू सुधारलीस, पुढच्या महिन्यात येणारा नवीन मुलगा पुन्हा ४१२ ओळी टाकणार. यासाठी एडिटरकॉन्फिग नावाची सोय आहे. प्रोजेक्टच्या अगदी वरच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी एडिटरकॉन्फिग नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवायची. आत काय लिहायचं ते उच्चाराप्रमाणे देते, फाइलीत अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतील:

रूट = ट्रू

[*.पीवाय]
इंडेंट_स्टाइल = स्पेस
इंडेंट_साइझ = ४

[मेकफाइल]
इंडेंट_स्टाइल = टॅब

इतकंच. चौकोनी कंसात कोणत्या फाइलींसाठी ते, खाली नियम. 'रूट = ट्रू' म्हणजे याच्या वरच्या फोल्डरांमध्ये आणखी नियम शोधत जाऊ नकोस. जेटब्रेन्सच्या एडिटरांना हे मुळातच कळतं, निओविमलाही ०.९ पासून कळतं, व्हीएस कोडला मात्र एडिटरकॉन्फिगचं एक्सटेन्शन टाकावं लागतं, ते विसरलं जातं आणि मग लोक म्हणतात फाइल ठेवून उपयोग नाही. एक्सटेन्शन असलं की फाइल उघडताना प्रोजेक्टचा नियम लागतो आणि ती अंदाजाची भानगड मागे पडते.

दोन गोष्टी सांभाळ. एक, कंसात नुसती चांदणी टाकून सगळ्या फाइलींना एकच नियम लावू नकोस जोवर सगळ्या फाइली खरंच तशा आहेत हे बघितलेलं नाही. समज प्रोजेक्टमधल्या जावास्क्रिप्टच्या फाइली टॅबच्या आहेत आणि तू चांदणीखाली स्पेस लिहिलंस, तर उद्यापासून त्या टॅबच्या फाइलींत प्रत्येकाकडून स्पेसच्या नव्या ओळी पडणार, म्हणजे आपणच नवीन मिश्रण तयार केलं. फाइलीत आज जे आहे ते लिही. गिटमधल्या (कोडचे बदल नोंदवून ठेवणारं साधन) 'गिट ग्रेप' कमांडने टॅबने सुरू होणाऱ्या ओळी असलेल्या फाइलींची यादी निघते, ती एकदा काढून बघ. दुसरं, ओळीच्या शेवटचे रिकामे स्पेस छाटणारा नियमही तिथे देता येतो पण तो पहिल्याच दिवशी चालू करू नकोस, जुन्या फाइलींमध्ये ते शेपूट असतंच आणि पुन्हा तुझ्या दोन ओळींच्या मागे दोनशे ओळी येतील. मार्कडाउन फाइलींना तर तो लावूच नये, तिथे शेवटच्या दोन स्पेसना अर्थ असतो.

आता ती अडकलेली पुल रिक्वेस्ट. दुरुस्त करत बसू नकोस, नवी काढ. मेनवरून, म्हणजे टीमच्या मुख्य कोडवरून, नवीन ब्रँच (कामाची वेगळी शाखा) घे, फॉरमॅट ऑन सेव्ह तात्पुरतं बंद कर, खुणा चालू ठेव, आणि त्या दोन ओळी हाताने पुन्हा लिही. शेजारच्या ओळीत ठिपके असतील तर ठिपके, बाण असतील तर बाण, मग फाइल मिश्र असली तरी चालेल. कमिटच्या, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवायच्या, आधी 'गिट डिफ' बघ, दोनच ओळी दिसल्या पाहिजेत. जुन्या पुल रिक्वेस्टमध्ये नक्की काय बदललं होतं ते आठवत नसेल तर 'गिट डिफ'ला 'डॅश डब्ल्यू' दे, कोऱ्या जागेचे बदल लपतात आणि खऱ्या दोन ओळी वर येतात.

मिश्र फाइल साफ करायची असेल तर ते वेगळं काम, वेगळा कमिट, आणि टीमला विचारून. त्या फाइलीवर दुसऱ्या कोणाची ब्रँच उघडी असेल तर त्यांचं मर्ज होऊ दे, नाहीतर त्यांना कॉन्फ्लिक्टचा डोंगर उपसावा लागेल. त्या कमिटमध्ये इंडेंट सोडून हाताने एक अक्षरही बदलू नकोस. इथे एक सावधगिरी, इतर भाषांमध्ये 'डॅश डब्ल्यू'चा डिफ रिकामा आला की निर्धास्त व्हायचं, पण पायथनमध्ये इंडेंटलाच अर्थ असल्यामुळे एखादी ओळ चुकून इफच्या बाहेर गेली तरी तो डिफ रिकामाच दिसेल. म्हणून टेस्ट चालव, आणि शक्य असेल तर ब्लॅकसारख्या फॉरमॅटरकडूनच ते करून घे, तो आधीच्या आणि नंतरच्या कोडची रचना तीच आहे ना हे स्वतः तपासतो.

आणि कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या 'गिट ब्लेम'मध्ये सगळ्या ओळींवर तुझं नाव येईल ही भीती वाटत असेल तर तीही सोय आहे. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला सांगता येतं की हे-हे कमिट मोजू नकोस. त्या साफसफाईच्या कमिटचा लांबलचक नंबर एका फाइलीत लिहायचा आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये 'ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल'ला त्या फाइलीचं नाव द्यायचं. प्रत्येकाला आपापल्या मशीनवर एकदा करावं लागतं.

अजून एक, चॅटमधून किंवा वेबपेजवरून कोड कॉपी करतेस का? तिथून कधीकधी तिसरंच अक्षर येतं, न तुटणारी स्पेस, दिसायला अगदी स्पेससारखी पण नंबर १६०. पायथन त्यावर नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर म्हणून ओरडतं आणि माणूस ती ओळ दहा वेळा वाचतो. ती ओळ पुसून हाताने टाइप केली की मिटतं.

सिनियरना काय म्हणायचं ते तू विचारलं नाहीस पण पत्रात ते जाणवलं म्हणून लिहिते. लांबलचक माफी मागू नकोस. असं लिही: "सर, फाइल आधीपासून मिश्र होती आणि माझ्या एडिटरने सेव्ह करताना ती सगळी बदलली. दोन ओळींची नवीन पुल रिक्वेस्ट टाकलीय, जुनी बंद केलीय. मेकफाइलचे टॅब परत टाकलेत, मेक चालवून बघितलंय. पुन्हा होऊ नये म्हणून एडिटरकॉन्फिगची फाइल वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये देतेय, पायथनला ४ स्पेस धरलेत, चालेल ना?" हे पाठवायच्या आधी मेक खरंच चालवून बघ, आणि पाठवून झालं की फॉरमॅट ऑन सेव्ह परत चालू करायचं की नाही हे मात्र त्यांच्याकडून एडिटरकॉन्फिगला होकार आल्यावरच ठरव.